डोक्यातल्या वाड्या

आमच्या सरांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, ही मानसशास्त्राच्या दृष्टीने मोठीच सोय होती. अकरावीला मेंदूचा धडा आला की ते वर्गाच्या मधोमध खुर्ची घेऊन बसत, ओल्या खडूंची वाटी पुढे सरकवत आणि विचारत, "कोणाचं अक्षर चांगलं आहे?" हा मान वर्षाला एकालाच मिळे. आमच्या वर्षी तो मला मिळाला. मी सरांच्या टकलावर मागच्या बाजूला निळ्या खडूने 'पाहणे' लिहिले, कानाच्या वर पिवळ्याने 'ऐकणे', टाळूवर हिरव्याने 'स्पर्श' आणि मग समोर येऊन कपाळावर लाल खडूने 'विचार'. सर मध्येमध्ये सूचना देत होते. "जरा खाली घे. तिथे नको, तिथे मला गुदगुल्या होतात." बाकीचे बारा जण ते डोके वहीत उतरवून घेत होते, आणि सर सगळ्यांना नीट दिसावे म्हणून खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरत होते.

तास संपला की डोके पुसायचे असे ठरलेले असे, पण ते पुसायचे राहून जाई. त्यामुळे वर्षातून एकदा देवगडच्या मासळीबाजारात सर चार रंगांचे डोके घेऊन फिरताना दिसत. एका मासेवालीने त्यांना विचारले होते, "मास्तरानू, तुमच्या टकलार कोणी काय लिवल्यान?" सरांनी मागे हात लावून बोट बघितले आणि शांतपणे सांगितले, "निळो आसा म्हणजे ती माजी नजर. ती पुसू नको, माका आधी बांगडे बगूचे आसत."

सर मूळचे आरोंद्याचे. जामसंड्याला एका खोलीत एकटे राहत आणि आमच्या ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. आम्ही तेरा जणांनी हा विषय घेतला होता. त्यातल्या नऊ जणांनी गणिताला भिऊन, तिघांनी अर्थशास्त्राला भिऊन, आणि मी, खरे सांगायचे तर, चुकून. फॉर्मवरचा रकाना चुकला होता. दुरुस्त करायला गेले तर ऑफिसात सरच बसले होते. म्हणाले, "चूक ही मेंदूने केलेली पहिली निवड असते." ही व्याख्या पुस्तकात कुठेही नाही, हे मला पुढे दोन वर्षांनी समजले.

व्याख्या सांगायची झाली की सर पुस्तकी मराठीत सांगत आणि तिचा खरा अर्थ मालवणीत. "प्रेरणा म्हणजे वर्तनाला दिशा देणारी आंतरिक शक्ती. लिहून घ्या. लिवलास? आता आयका. तुजो बापूस पाचाक उठान माडाक पाणी घालता आणि तू आठाक उठान चाय मागतंस. तेका प्रेरणा आसा, तुका नाय." परीक्षेत आम्ही पहिले वाक्य लिहायचो, पण लक्षात राहिले ते दुसरे.

मेंदूच्या भागांची पुस्तकातली नावे मात्र त्यांना अजिबात सोसत नसत. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. ही नावे ज्याने ठेवली त्याला कोणी बारशाला बोलावत नसणार, असे ते म्हणत. म्हणून त्यांनी आपली नावे केली होती. डोके म्हणजे एक गाव आणि त्यात वाड्या. कपाळामागची ती पुढली वाडी. तिथे शहाणी माणसे राहतात, ठरवाठरवी करतात, 'असे करू नको' म्हणून सांगतात. मागली वाडी बघायचे काम करते. कानाकडची ऐकते आणि आठवणी सांभाळते. मानेच्या वर खालची वाडी, ती तोल राखते, सायकल चालवते, माडावर चढते. आणि सगळ्यांच्या मधोमध आत बदामाएवढी एक गाठ. तो गावातला कुत्रा. "तो आधी भुकता, मगे बगता. तुमी रागान जा काय करतास, ता सगळा तेचा काम. पुढली वाडी जागी होयसर तो चावान मोकळो."

हे गाव हळूहळू खऱ्या गावातही पसरले. कोणी मूर्खासारखे वागले की एसटीचा कंडक्टरसुद्धा म्हणायचा, "पुढल्या वाडयेत कोण नाय काय रे?" सरांना याचा अभिमान होता. शिक्षणखात्याने दखल घेतली नव्हती, एसटीने घेतली होती.

एक शब्द मात्र त्यांच्या वर्गात चालत नसे. 'वेडा'. कोणी चुकून म्हटला तर त्याने उभे राहून त्याची व्याख्या सांगायची, आणि व्याख्या येईपर्यंत बसायचे नाही. आमच्या वर्गातला एकजण असा सलग तीन तास उभा होता. शेवटी रडकुंडीला येऊन तो म्हणाला, "सर, वेडा म्हणजे ज्याचं आपल्याला कळत नाही तो." सरांनी त्याला बसवले आणि तो तास तिथेच संपवला. सरांना स्वतःला गावात मागून काय म्हणत हे मी सांगायची गरज नाही.

कुत्र्याला घंटा वाजवून जेवण दिले तर पुढे नुसत्या घंटेनेही त्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा प्रयोग सगळ्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत असतो. सरांनी तो कधी शिकवला नाही, करून दाखवला. आमचा तास अकराला असे आणि सव्वाअकराला मासेवाल्याची स्कूटर कॉलेजच्या मागून पों पों करत जाई. तो भोंगा वाजला की सर वाक्याच्या मध्येच थांबत, आवंढा गिळत आणि बोटाने स्वतःच्या गळ्याची घाटी दाखवत. "बघितलंत? मासा दिसला नाही, वास नाही, नुसता आवाज. कुत्रा मीच." मग खिडकीतून डोकावून कोळंबीची चौकशी, "सुंगटां आसत काय रे?" आणि पुन्हा धडा.

त्यांच्या प्रात्यक्षिकामुळे आमच्या घरात भांडण झाले, ते सांगायला हवे. 'घरातल्या एका माणसाच्या रागाचे सात दिवस निरीक्षण करा' असा त्यांनी अभ्यास दिला होता. मी काकाचा राग निवडला, कारण तो रोज न चुकता मिळत असे. वहीत मी लिहिले, 'दिवस तिसरा. कारण : चहा गार. अवधी : चार मिनिटे. लक्ष्य : मांजर.' पाचव्या दिवशी ती वही काकाच्या हाती लागली. तो जो भडकला, त्याची नोंद मी 'दिवस पाचवा' म्हणून केली, अवधी एक तास दहा मिनिटे. सरांनी मला पैकीच्या पैकी मार्क दिले. तेव्हापासून सरांचे नाव काढले की काका पडवीतून उठून जायचा.

आमचे गाव जामसंड्यापासून आत, एसटीने पाऊण तासावर. भात, काजू, थोडी हापूसची कलमे. बाबांची ओळख मात्र शेतीमुळे नव्हती. आमच्या देवळात गाऱ्हाणे घालायचा मान आमच्या घराचा, आणि ते बाबा घालत. जत्रेच्या सकाळी सगळा गाव जमतो, एकाने देवापुढे उभे राहून गावाच्या वतीने मागायचे आणि प्रत्येक मागणीला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. बाबांच्या आवाजाला लाउडस्पीकर लागत नसे. एरवी ते फार कमी बोलत. वर्षभराचे बोलणे त्या एका सकाळी बोलून टाकत असावेत असे आई म्हणायची.

मी बारावीत होते. भातझोडणीचे दिवस. बाबा खळ्यातून आत आले आणि आईला काहीतरी मागू लागले. "ता... ता..." एवढेच. उजव्या हातातले सूप खाली पडले. आठ दिवस हॉस्पिटलात काढून त्यांना घरी आणले तेव्हा हात बराचसा परत आला होता, चालता येत होते, समोरच्याचे सगळे कळत होते. शब्द तेवढे परत आले नव्हते. पाणी बघून पाणी म्हणता येत नव्हते, मला बघून माझे नाव घेता येत नव्हते. "ता... ता..." करत ते अडायचे, लालबुंद व्हायचे, आणि मग तोंडातून एक ठणठणीत, स्पष्ट, अस्सल शिवी बाहेर पडायची.

ज्या माणसाने बैलालासुद्धा 'मेल्या'च्या पुढे काही म्हटले नव्हते, तो तीर्थ घेऊन आलेल्या भटजींना हात जोडून "आवशीचो घोव" म्हणाला. म्हणजे आईचा नवरा, आणि ही त्यातली सगळ्यात सोवळी. बाकीच्या मी लिहीत नाही, कारण हे माझी लेक वाचणार आहे.

आई लाजेने अर्धी झाली. कोणी भेटायला आले की "ह्ये निजलेत" म्हणून बाहेरूनच पाठवायची. काकाने निदान केव्हाच करून टाकले होते. "गेल्या वर्सा गाऱ्हाण्यात वरच्या वाडयेचा नाव रवला. देवान वाचा काडून घेतल्यान. आणि ह्यो शिवयो दादाच्यो नायत. आत कोण दुसरो बोलता." खाडीपलीकडे असले 'दुसरे' काढणारा एकजण होता, त्याच्याकडे बाबांना न्यायचे असे काकाचे चालले होते. काका दुष्ट नव्हता, घाबरला होता. मीही घाबरले होते. मानसशास्त्रात मला चांगले मार्क होते आणि आमच्या घरातल्या माणसाला काय झाले आहे ते मला कळत नव्हते. कॉलेजला जायचे मी सोडून दिले.

सहाव्या दिवशी सर छत्री घेऊन आमच्या खळ्यात उभे. "वर्गात तेरा होते, बारा झाले. कोण कमी झाला ता बगूक इलंय."

आई दारातच उभी राहिली. "ह्ये निजलेत मास्तरानू."

तेवढ्यात आतून बाबांनी एक दणदणीत शिवी हासडली. सरांचा चेहरा मात्र एकदम उजळला. "निजलेलो माणूस इतक्या स्पष्ट बोलणा नाय, वैनी," ते म्हणाले आणि थेट आत गेले.

बाबांच्या समोर त्यांनी बैठक मारली. बाबांनी स्वागताला तोंड उघडले, अडले, आणि शिवी दिली. सरांनी खिशातून वही काढून ती लिहून घेतली. "आणि?" बाबा चक्रावले. इतक्या दिवसांत त्यांच्याकडे कोणी आणखी मागितल्या नव्हत्या. त्यांनी आणखी तीन दिल्या. सरांनी त्याही लिहिल्या, एकीचा उच्चार पुन्हा विचारला. मग सहज सुरुवात केली, "एक, दोन, तीन..." आणि गप्प बसले. बाबांच्या तोंडून आपोआप आले, "चार, पाच, सा, सात..." ते अठ्ठावीसपर्यंत गेले आणि त्यांना थांबवावे लागले. "आज वार कोणतो?" म्हटल्यावर बाबा "ता... ता..." करत राहिले. सर म्हणाले, "आयतवार, सोमार," आणि बाबा शनिवारपर्यंत घडाघडा म्हणून मोकळे झाले. मग आरती. सरांनी पहिले दोन शब्द दिले आणि बाबांनी अख्खे कडवे गायले, त्याच जुन्या आवाजात.

आई चौकटीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडले. सर मात्र आनंदाने मांड्यांवर हात मारत होते, आणि त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. माझा बाप म्हणजे यांना प्रात्यक्षिक वाटतो की काय, असे मनात आले. ते मी त्यांना बोललेही. सर गोरेमोरे झाले. म्हणाले, "तुजा खरा आसा. पण मी आनंदलंय तो कित्याक, ता आधी आयक."

त्यांनी हॉस्पिटलातली मेंदूची फिल्म मागितली, खळ्यात येऊन ती उन्हासमोर धरली आणि सगळ्यांना बोलावले. काका लांब उभा होता, तोही मान लांब करून बघू लागला. "ह्यो डावो अंग. ही जागा बगा. बोलणा जुळवचा काम थंय चलता. थंयचो दिवो गेलो. आत कोण इलेलो नाय, आतलाच एक घर बंद पडला. पण आकडे, वार, आरत्यो, शिवयो, ह्या सगळा जा तोंडपाठ आसा, तेची वाट येगळी. रोज चललेली वाट काळोखातय पायाक सापडता. तुमचे दादा शिवयो देणत नाय. ते शब्द सोदतत, तो गावणा नाय, आणि हाताक जा लागता ता भायर येता."

काका बराच वेळ फिल्मकडे बघत राहिला. "एवढोसो डाग?" तो म्हणाला. "एवढोसोच," सर म्हणाले. खाडीपलीकडे जायचे तेवढ्यावर बारगळले.

मी डॉक्टर नाही, मास्तर आहे, हे सरांनी त्या दिवशी चारदा तरी बजावले. वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई महिन्यातून एकदा ओरोसला येतात हे त्यांनीच शोधून काढले आणि गाडी ठरवून आम्हाला पाठवले. बाईंनी सांगितले की बोलता येत नाही ते गाता येते का बघा. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा आणि रोजची वाक्ये चालीवर म्हणायची, पुढे हळूहळू चाल सोडायची. सरांच्या हाती हे पडल्यावर मग काय विचारता. दर रविवारी ते हजर. बाबा एका भजनाच्या चालीवर ठेका धरून म्हणू लागले, "मा-का पा-णी व्ह-या." पहिल्या दिवशी ते गाऊन मागितलेले पाणी आईने आणून दिले तेव्हा तिने तांब्या काठोकाठ भरला होता.

अडचण अशी झाली की आठवड्याभरात आईसुद्धा गाऊ लागली. बाबा पाणी मागायचे आणि ती त्याच चालीत विचारायची, "ग-रम व्ह-या का-य गा-र?" सर कळवळून सांगायचे, "वैनी, तुमी बोला, तुमका काय झालेला नाय." पण तिच्याने राहवत नसे. मीही एकदा एसटीत कंडक्टरकडे तिकीट चालीवर मागितले. शेजारीपाजारी आमच्या कुंपणाशी रेंगाळू लागले. काका बाहेर तोंड करून म्हणायचा, "आधी एक गेलो होतो, आता सगळा घरच गेला."

जत्रा पंधरा दिवसांवर आली तेव्हा आमच्या पडवीत भावकी बसली. प्रश्न एकच होता, यंदा गाऱ्हाणे कोणी घालायचे. सर रविवारचे आलेलेच होते, ते कोपऱ्यात छत्रीवर हनुवटी टेकून ऐकत होते. काका म्हणाला, "माका मान नको. पण देवासमोर शिवी गेली तर गावार जा येयत ता कोण निस्तरतलो?" त्याचे चुकीचे नव्हते. बाबांना सगळे कळत होते. त्यांनी छातीवर हात ठेवला, "ता... ता..." म्हणाले, आणि मग सगळ्या भावकीसमोर जे यायचे तेच आले.

"आयकलास?" काका हळूच म्हणाला. कोणाला हसू आले नाही.

गावातले सर्वांत वयस्कर मानकरी, ऐंशीच्या पुढचे, त्यांनी सरांकडे मान वळवली. "मास्तर, तुमचा काय म्हणणा?"

सर उभे राहिले. मला वाटले आता वाड्या निघणार, कुत्रा निघणार. पण ते थोडक्यात बोलले. "सुरवात आणि शेवट पाठ आसा, ता येतला. मधला येवचा नाय." गाऱ्हाण्याचा मधला भाग दर वर्षी नवा असतो. कोणाचे लग्न जमत नाही, कोण आजारी आहे, कुठल्या वाडीच्या विहिरीला पाणी नाही, ते त्या वर्षीचे त्या वर्षी बोलायचे. तो बाबांना जमणार नव्हता, आणि सरांनी ते लपवले नाही. बाबांनी खाली बघितले.

मानकऱ्यांनी निवाडा दिला. सुरुवात आणि शेवट बाबांनी घालावा, मधले काकाने शेजारी उभे राहून घालावे. देवासमोर शिवी गेली नाही तर मान बाबांकडे. गेली तर पुढच्या वर्षापासून तो काकाकडे, बाबांनी पुन्हा त्या जागी उभे राहायचे नाही. सगळे उठून गेल्यावर बाबा बराच वेळ पडवीतच बसून होते. त्यांना आयुष्यात दुसरे काहीही मोठेसे मिळाले नव्हते, हे मला तोवर कधी जाणवले नव्हते.

सरांनी त्यांना सराव करू दिला नाही. "इचार करूक लागले काय अडाकतले," असे त्यांचे म्हणणे. 'सांभाळून' हा शब्दच घरात काढू नका अशी ताकीद होती. आईने ती पाळली, म्हणजे 'सांभाळून' न म्हणता ती रोज सकाळी बाबांकडे बघून मोठ्याने सुस्कारा सोडायची.

जत्रेच्या सकाळी सर इस्त्रीचा सदरा घालून आले आणि सभामंडपातल्या खांबाशी उभे राहिले. सगळे देऊळ भरले होते. बाबा देवासमोर उभे, डाव्या हाताला काका. माझ्या शेजारी आई डोळे मिटून.

"बा देवा म्हाराजा, बारा वाडयेच्या धन्या म्हाराजा," बाबांनी सुरू केले.

"व्हय म्हाराजा."

"आज तुज्या पायाकडे तुजी लेकरां गोळा झाली आसत म्हाराजा, तेंका सगळ्यांका राखणारो तू आसस म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

एक अक्षर अडले नाही. तोच आवाज, तीच फेक, वाक्याच्या शेवटी तोच वर चढणारा सूर. इतक्या दिवसांनी मी माझ्या बाबांना ऐकत होते. सारखे वाटत होते की हे संपूच नये.

पण सुरुवात संपली. आता काकाने पुढे व्हायचे. बाबांनी काकाकडे बघितले. आम्ही सगळ्यांनी बघितले. काका उभा होता आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. इतक्या दिवसांनी तोही आपल्या दादाला ऐकत होता. त्याने तोंड उघडले, ओठ हलले, पण घशातून आवाज येईना. एक क्षण गेला, दुसरा गेला. गाऱ्हाणे असे मध्ये तुटू देत नाहीत. बाबांना ते ठाऊक होते. त्यांनी पुन्हा देवाकडे तोंड केले आणि स्वतःच सुरू केले.

"आणि म्हाराजा, ह्या वर्सा... ता... ता..."

त्यांचा चेहरा लाल होऊ लागला. पुढे काय येणार ते मला ठाऊक होते. खांबाशी सरांनी छत्री छातीशी घट्ट धरली होती.

"...ता... ता... आवशीचो घोव!"

गाऱ्हाण्याच्याच सुरात, शेवटी आवाज तसाच वर चढवून. आणि सगळ्या देवळाने, भटजींनी, मानकऱ्यांनी, डोळे मिटलेल्या माझ्या आईनेसुद्धा, एकमुखाने होकार भरला.

"व्हय म्हाराजा."

मग आपण कशाला होय म्हणालो हे एकेकाच्या ध्यानात येत गेले. कोणी कोणाकडे बघेना. बाबांनी मान खाली घातली, त्यांचे खांदे पडले. ते मागे सरकायला निघाले तसा काकाने त्यांचा दंड धरला. नाक पुसले आणि फुटक्या आवाजात पुढचे सुरू केले. वरच्या वाडीची विहीर, खालच्या वाडीतल्या मुलीचे लग्न, कोणाकोणाची दुखणी. सगळी नावे त्याने घेतली, एकही राहू दिले नाही. आणि शेवटी, जे कोणी ठरवून दिले नव्हते ते म्हणाला, "आणि म्हाराजा, आता माज्या भावाच्या तोंडातसून जा गेला ता तेचा नाय, ता तेच्या दुखण्याचा आसा. ता पोटात घाल, आणि तेका बोलतो कर रे म्हाराजा."

इतक्या मोठ्याने 'व्हय म्हाराजा' त्या देवळात मी त्याआधी ऐकले नव्हते. पुढचा शेवट बाबांनी सरळ पुरा केला.

देवळाबाहेर आल्यावर कोणीतरी दबकत मानाचा विषय काढला. वयस्कर मानकरी चपला शोधत होते. म्हणाले, "सगळ्या गावान व्हय म्हटल्यान. माज्यासकट. आता कोणाक काय म्हणूचा रवला?" मान बाबांकडेच राहिला.

सर तेव्हा पिंपळाच्या पाराशी दिसेल त्याला पकडून समजावत होते. इतकी माणसे आणि एकाचीही पुढली वाडी जागी नाही, सूर ऐकला की होकार, शब्द कोणी ऐकतच नाही, हे कसे झाले ते त्यांना आजच्या आज गावाला सांगायचे होते. हातवारे जोरात चालले होते. बाबा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले तसे ते थांबले.

बाबांनी तोंड उघडले. अडले. मी नकळत पुढे झाले, काहीतरी सुचवायला, पण सरांनी मला हातानेच थांबवले. बाबांचा डावा हात ठेका धरत नव्हता, नुसता सरळ खाली होता. चेहरा लाल झाला. आम्ही थांबलो.

"मास्तरानू," बाबा म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "जेवान जावा."

पाठ केलेले नव्हते, कुठल्याही चालीत नव्हते. आजारपणानंतर बाबांनी स्वतः जुळवून बोललेले हे पहिले वाक्य होते. आम्हाला ते समजायला थोडा वेळ लागला. सरांना लगेच समजले. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. मग मान हलवली आणि आमच्याबरोबर चालू लागले, ते अनवाणीच. त्यांच्या चपला काका हातात घेऊन मागून येत होता.

घरी पाने वाढली. सर बाबांच्या शेजारी बसले, पानाकडे बघत. आई सोलकढी घेऊन आली, मग भात घेऊन आली, आणि भाताचे भांडे हातात धरून विचारू लागली, "मास्तरानू, भात घालू?" सर काही बोलेनात. तिने पुन्हा विचारले. सरांना बोलताच येत नव्हते.

"घाल गो," बाबा म्हणाले.